शौर्यपदक आणि ‘शत्रू’ हा शब्द

धैर्य या संकल्पनेची चर्चा आपण पुस्तकातून पुष्कळ केली. आज ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात नेऊन बघू.

प्रश्न असा : आपल्याच माणसांशी लढताना दाखवलेल्या शौर्याचा गौरव कसा करायचा? अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861-65) आयर्लंडहून पोटासाठी आलेले लोक दोन्हीकडून लढले. डिसेंबर 1862 मध्ये फ्रेडरिक्सबर्गला आयरिश ब्रिगेड ज्या दगडी भिंतीवर चालून गेली, तिच्या आडही आयरिश होतेच. ‘मेडल ऑफ ऑनर’ मात्र एकाच बाजूच्या वाट्याला आलं.

आता गडचिरोली. 1990 मध्ये उभ्या राहिलेल्या सी-60 पथकात स्थानिक आदिवासी तरुण मोठ्या संख्येनं आहेत. समोरच्या दलममधली पोरंही पुष्कळदा याच भागातली. बोली एक, जंगल एक. 1 मे 2019 ला जांभूळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात 15 पोलीस गेले. 13 नोव्हेंबर 2021 ला मर्दिनटोल्याच्या चकमकीत मिलिंद तेलतुंबडेसह किमान 26 माओवादी मारले गेले. त्या कामगिरीसाठी पोलीस अधिकारी सोमय मुंडे यांना शौर्य चक्र मिळालं.

या पदकाची व्याख्या नीट वाचा. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र ही शत्रूसमोर नसतानाच्या शौर्यासाठी. 1952 मध्ये ती सुरू झाली, 1967 मध्ये त्यांना आजची नावं मिळाली. म्हणजे जवानाचा गौरव करतानाच राज्यसंस्था कबूल करते की समोरचा बंदूकधारी ‘शत्रू’ नाही. तो कायदा मोडणारा नागरिक आहे.

कुणी म्हणेल, सर, हा शब्दच्छल झाला. गोळीला व्याख्या कळते का? नाही कळत. पण गोळी सुटण्याआधी आणि नंतर काय करायचं, ते व्याख्याच ठरवते. शत्रूला हरवलं की काम संपतं. नागरिकाला मात्र परत यायचं दार उघडं ठेवावं लागतं. म्हणून आत्मसमर्पण आणि पुनर्वसनाच्या योजना. तो मेला, तर चौकशी करावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये महाराष्ट्राच्याच खटल्यात सांगितलं, की पोलीस गोळीबारातल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी, आणि शौर्य निःसंशय सिद्ध झाल्याशिवाय पदकाची शिफारस होऊ नये.

आम्हाला वाटतं, यात जवानाचा अपमान नाही, उलट त्याचं रक्षण आहे. तपासून दिलेलं पदक त्याला त्याच्याच गावात ताठ मानेनं लावता येतं. जिथं मेलेल्याचे नातलग शेजारी राहतात, तिथं याला फार मोल आहे.