मोठ्या फाइलींचे ई-मेलद्वारे टप्प्याटप्प्याने प्रेषण

मोठ्या फाइलींचे ई-मेलद्वारे टप्प्याटप्प्याने प्रेषण ही संगणकीय दळणवळणातील एक पद्धत होय. एकाच संदेशातून पाठविता न येणाऱ्या फाइलीचे लहान तुकडे करणे, प्रत्येक तुकडा स्वतंत्र ई-मेलने ठरावीक अंतराने पाठविणे आणि प्राप्तकर्त्याकडे ते सर्व तुकडे योग्य क्रमाने जोडून मूळ फाइल पुन्हा मिळविणे, असे तिचे स्वरूप आहे. युनिक्स व तत्सम संगणकप्रणालींवर हे काम बहुधा शेल स्क्रिप्टने केले जाते. प्रणालीला द्यावयाच्या आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेल्या मजकुराच्या फाइलीस शेल स्क्रिप्ट असे म्हणतात.

पार्श्वभूमी

इंटरनेटवरील ई-मेलची देवाणघेवाण 'सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल' (एसएमटीपी) या नियमावलीनुसार चालते. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेली तिची मूळ आवृत्ती ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. ही नियमावली साध्या इंग्रजी मजकुरासाठी रचलेली होती. त्यामुळे संदेशात केवळ आस्की संचातील १२८ चिन्हेच ग्राह्य धरली जात आणि एका ओळीची लांबी १,००० चिन्हांपुरती मर्यादित होती. चित्र, ध्वनी किंवा संगणकीय प्रोग्राम यांच्या फाइलींत मात्र प्रत्येक बाइटचे मूल्य ० ते २५५ यांपैकी कोणतेही असू शकते. अशी फाइल संदेशात जशीच्या तशी घातल्यास वाटेत ती बिघडण्याची शक्यता असे.

दुसरी अडचण आकाराची होती. १९८०च्या दशकात ई-मेल अनेक यंत्रांवर थांबत थांबत, बहुतांशी दूरध्वनीच्या तारेवरून पुढे जात असे. वाटेतील प्रत्येक यंत्राला संपूर्ण संदेश आपल्याकडे साठवून मगच पुढे धाडावा लागे. म्हणून अनेक मार्गांवर एका संदेशासाठी सुमारे ६४ किलोबाइटची मर्यादा घातलेली असे.

तिसरी अडचण अधिक मूलभूत आहे. मूळ एसएमटीपीमध्ये अर्धवट गेलेला संदेश तुटल्या जागेपासून पुढे पाठविण्याची सोय नाही. संदेश पूर्ण पोहोचतो, नाहीतर पहिल्यापासून पुन्हा पाठवावा लागतो. तुकडे करण्यामागील मुख्य कारण हेच आहे. तुकड्यांमुळे प्रेषण वेगवान होत नाही, उलट एकूण भार थोडा वाढतो. मात्र संपर्क तुटल्यास होणारे नुकसान एका तुकड्यापुरते राहते.

हा फरक उदाहरणाने स्पष्ट होतो. २० मेगाबाइटची फाइल सेकंदाला १४,४०० बिट वेगाच्या मोडेमवरून ई-मेलने पाठविण्यास, संकेतनामुळे वाढणारा आकार धरून, सुमारे चार तास पंचवीस मिनिटे लागतात. एकाच संदेशातून ती पाठवीत असता चौथ्या तासाला दूरध्वनी तुटला, तर चारही तास वाया जातात. तिचेच १ मेगाबाइटचे २० तुकडे केल्यास प्रत्येकाला सुमारे १३ मिनिटे लागतात आणि संपर्क तुटल्यास जास्तीत जास्त तेवढीच मिनिटे वाया जातात.

भारतातही ई-मेलचा आरंभ अशाच मंद मार्गांवर झाला. १९८६ साली सुरू झालेल्या 'एर्नेट' या शैक्षणिक व संशोधन जाळ्यात मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) ही संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईसह पाच ठिकाणच्या भारतीय तंत्रज्ञान संस्था सहभागी होत्या. सर्वसामान्य जनतेसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. तीही प्रारंभी दूरध्वनी व मोडेम यांवरच अवलंबून होती.

संकेतन

कोणतीही फाइल ई-मेलयोग्य मजकुरात बदलण्याच्या क्रियेस संकेतन म्हणतात. १९८० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत मेरी ॲन हॉर्टन यांनी 'यूयूएनकोड' हा प्रोग्राम लिहिला. त्यात मूळ फाइलीच्या तीन बाइटांची चार छापील चिन्हे केली जातात आणि प्रत्येक पूर्ण ओळीत मूळ ४५ बाइट सामावतात. मात्र यातील काही चिन्हे, विशेषतः रिकामी जागा, काही यंत्रांवरून जाताना गळून पडत किंवा बदलत.

जून १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी प्रसिद्ध केलेल्या 'माइम' या मानकात 'बेस६४' ही पद्धत स्वीकारली गेली. तिच्यात इंग्रजीतील मोठी व लहान लिपीतील अक्षरे, दहा अंक, अधिकचिन्ह व तिरकी रेघ अशी ६४ चिन्हे वापरतात. शेवटी जागा भरून काढण्यासाठी बरोबरचे चिन्ह येते. ही चिन्हे बहुतेक सर्व यंत्रांवर सुरक्षित राहतात. एका ओळीत मूळ ५७ बाइटांची ७६ चिन्हे होतात आणि ओळ संपल्याची दोन चिन्हे मिळून ती ७८ भरतात. म्हणजेच फाइलीचा आकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. एखाद्या सर्व्हरची मर्यादा १० मेगाबाइट असल्यास त्यातून प्रत्यक्षात सुमारे ७.३ मेगाबाइटचीच फाइल जाऊ शकते. तुकड्याचा आकार ठरविताना ही वाढ विचारात न घेणे, ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

शेल स्क्रिप्टची रचना

अशा स्क्रिप्टमध्ये नवीन प्रोग्राम लिहावा लागत नाही. प्रणालीत आधीपासून असलेल्या लहान लहान आज्ञा एकामागून एक वापरल्या जातात. या आज्ञांची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकली जातात. पाठविणाऱ्याकडील स्क्रिप्टचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात :

१. मूळ फाइलीचा पडताळा-अंक (चेकसम) काढणे. फाइलीतील सर्व बाइटांवरून गणिताने काढलेली ही संख्या असते. फाइलीत एक बाइट जरी बदलला, तरी ती बदलते.

२. 'स्प्लिट' या आज्ञेने फाइलीचे ठरावीक आकाराचे तुकडे करणे. तुकड्यांच्या नावांच्या शेवटी ही आज्ञा 'एए', 'एबी', 'एसी' अशी अक्षरजोडी लावते.

३. प्रत्येक तुकड्याचे बेस६४ पद्धतीने संकेतन करणे.

४. 'मेल' आज्ञेने तो तुकडा पाठविणे. संदेशाच्या विषयओळीत फाइलीचे नाव, तुकड्याचा क्रमांक व एकूण तुकडे लिहिले जातात. उदाहरणार्थ, '२० पैकी ०७'.

५. 'स्लीप' आज्ञेने ठरावीक वेळ थांबून पुढील तुकड्याकडे वळणे. तिसरा, चौथा व पाचवा हे टप्पे सर्व तुकडे संपेपर्यंत आवर्तनाने चालू राहतात.

६. शेवटी पडताळा-अंक व तुकड्यांची एकूण संख्या कळविणारा स्वतंत्र संदेश पाठविणे.

प्राप्तकर्त्याकडील काम याच्या उलट क्रमाने होते. प्रत्येक संदेशाचे शीर्ष वगळून त्यातील मजकुराचे विसंकेतन करतात, 'कॅट' या आज्ञेने तुकडे क्रमाने जोडतात आणि तयार झालेल्या फाइलीचा पडताळा-अंक मूळ अंकाशी ताडून पाहतात. दोन्ही अंक जुळल्याखेरीज काम पूर्ण झाले असे मानता येत नाही.

आधी तुकडे की आधी संकेतन

जुन्या काळी 'स्प्लिट' ही आज्ञा फाइलीचे तुकडे ओळींच्या हिशेबानेच करीत असे आणि काही न सांगितल्यास एका तुकड्यात १,००० ओळी घेत असे. त्यामुळे प्रथम संपूर्ण फाइलीचे यूयूएनकोडने संकेतन करून मग तिचे तुकडे पाडण्याचा प्रघात होता. अशा १,००० ओळींचा आकार सुमारे ६२,००० बाइट होतो, म्हणजे ६४ किलोबाइटच्या मर्यादेत बसतो. मात्र या क्रमात एकही तुकडा सुटा उलगडता येत नाही. शिवाय जोडण्यापूर्वी प्रत्येक संदेशाचे शीर्ष हाताने काढावे लागते. एखादी ओळ राहून गेली, तर फाइल बिघडते आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे हे कळत नाही.

आधी तुकडे व मग प्रत्येकाचे स्वतंत्र संकेतन, हा क्रम त्यामुळे अधिक सोयीचा ठरला. यात प्रत्येक तुकड्याचा पडताळा-अंकही वेगळा काढता येतो आणि बिघडलेला तेवढाच तुकडा पुन्हा मागविता येतो.

क्रम, अंतर आणि पोच

पाठविलेल्या क्रमानेच संदेश पोहोचतील याची हमी ई-मेलमध्ये नसते. एखादा सर्व्हर बंद असल्यास पाठविणारा सर्व्हर संदेश रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. हे प्रयत्न सामान्यतः चार-पाच दिवस चालू राहू शकतात. त्यामुळे सातवा तुकडा विसाव्याच्या नंतरही येऊ शकतो. जोडणी तुकड्यांच्या क्रमांकावरूनच करावी लागते; संदेश आल्याच्या वेळेवरून नव्हे.

क्रमांक देतानाही सावधगिरी लागते. शेल फाइलींची नावे आकड्यांच्या मूल्यानुसार लावीत नाही, तर वर्णानुक्रमाने लावते. त्यामुळे '१०' हे नाव '२' च्या आधी येते आणि जोडलेली फाइल निरुपयोगी होते. यावर '०१', '०२' असे समान लांबीचे क्रमांक देणे हा उपाय आहे. 'स्प्लिट'च्या अक्षरजोड्यांत हा दोष नसतो. मात्र दोन अक्षरांच्या २६ × २६ म्हणजे ६७६ जोड्याच होतात. त्याहून अधिक तुकडे हवे असल्यास अधिक अक्षरांची सूचना द्यावी लागते.

दोन तुकड्यांमधील अंतर हा या पद्धतीचा आवश्यक भाग आहे. सर्व तुकडे एकदम पाठविल्यास सर्व्हरची रांग भरते आणि इतरांचे संदेश खोळंबतात. एकाच पत्त्यावर लागोपाठ येणारे सारख्याच स्वरूपाचे संदेश अनाहूत टपाल समजून अडविले जाण्याचीही शक्यता असते. २० तुकडे पाच-पाच मिनिटांच्या अंतराने पाठविल्यास केवळ थांबण्याचा वेळ १ तास ३५ मिनिटे होतो. प्राप्तकर्त्याची टपालपेटी लहान असल्यास आधीचे तुकडे उतरवून घेण्यास त्याला तेवढी सवड मिळते. काही स्क्रिप्ट त्याहून पुढे जाऊन मागील तुकड्याची पोच आल्यावरच पुढचा तुकडा पाठवितात.

'मेल' आज्ञा यशस्वी झाली, याचा अर्थ संदेश स्थानिक रांगेत दाखल झाला एवढाच असतो. तो प्राप्तकर्त्याला मिळाला, असा नव्हे. वीसपैकी एकोणीस तुकडे पोहोचले, तरी बहुतेक प्रकारच्या फाइली उघडत नाहीत. म्हणून पोच व पडताळा पूर्ण होईपर्यंत पाठविणाऱ्याने मूळ फाइल व तुकडे नष्ट करू नयेत, असा संकेत आहे.

प्रमाणीकरण

माइम मानकात खंडित संदेशासाठी 'मेसेज/पार्शल' हा स्वतंत्र प्रकार नेमलेला आहे. त्यात प्रत्येक तुकड्याबरोबर समान ओळखचिन्ह, तुकड्याचा क्रमांक व एकूण संख्या दिली जाते आणि ई-मेलचा प्रोग्राम त्यावरून आपोआप जोडणी करू शकतो. 'मेटामेल' या संचातील 'स्प्लिटमेल' आणि 'एमपॅक' हे प्रोग्राम असे तुकडे तयार करीत. 'आउटलुक एक्सप्रेस'मध्येही ठरावीक आकारापेक्षा मोठे संदेश तोडून पाठविण्याची सोय होती. एसएमटीपीच्या नोव्हेंबर १९९५ मधील आकारविषयक विस्तारामुळे सर्व्हरला आपली कमाल मर्यादा आधीच जाहीर करता येऊ लागली. परिणामी संदेश पाठविण्यापूर्वीच तो नाकारला जाईल की नाही, हे कळू लागले.

सुरक्षितता

तुकड्यांत विभागलेली फाइल विषाणू शोधणाऱ्या प्रोग्रामांना पूर्ण दिसत नाही. घातक फाइल या मार्गाने तपासणी चुकवून आत येऊ शकते, ही बाब २००२ साली विशेषत्वाने चर्चेत आली. तेव्हापासून अनेक टपाल-सर्व्हर 'मेसेज/पार्शल' प्रकारचे संदेश अडवितात. बेस६४ ही गुप्तलिपी नव्हे. ते कोणालाही उलगडता येते. गोपनीय फाइल असल्यास ती तोडण्यापूर्वीच कूटबद्ध करावी लागते. तसेच एखाद्या संस्थेने घातलेली आकारमर्यादा चुकविण्यासाठी ही पद्धत वापरणे नियमभंग ठरू शकते.

सद्यस्थिती

१ एप्रिल २००४ रोजी सुरू झालेल्या जीमेलने १ गीगाबाइट साठवण देऊ केली. पुढे एका संदेशाला जोडावयाच्या फाइलींसाठी २५ मेगाबाइटची मर्यादा तेथे रूढ झाली. त्याहून मोठ्या फाइली आता बहुधा दूरस्थ साठवणीत ठेवून त्यांचा दुवा पाठविला जातो. त्यामुळे ई-मेलच्या तुकड्यांचा वापर पुष्कळ घटला आहे. जेथे ई-मेल हाच एकमेव मार्ग उपलब्ध आहे किंवा संपर्क वारंवार तुटतो, तेथे मात्र तो अजूनही उपयोगी पडतो.

या पद्धतीमागील तत्त्व इतरत्र टिकून आहे. २००१ साली ब्रॅम कोहेन यांनी प्रसिद्ध केलेल्या 'बिटटोरेंट'मध्येही फाइलीचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्याचा पडताळा स्वतंत्रपणे घेतला जातो. अर्धवट राहिलेली फाइल तुटल्या जागेपासून पुढे उतरविण्याची वेबवरील सोयही याच विचारावर आधारलेली आहे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या लहानशा स्क्रिप्टचे महत्त्व असे, की तोडणी, क्रमांकन, पोच व पडताळा या संगणकीय दळणवळणाच्या चारही मूलभूत क्रिया तीत काही मोजक्या ओळींत पाहावयास मिळतात.