कासवाला कोणती भाषा कळते?

पुढे ५० पावले जा, उजवीकडे काटकोनात वळ, असे चारदा कर. अंगणात हे चालून पाहिले की पायाखाली चौरस तयार होतो. ‘लोगो’ ही संगणकभाषा मुलांसाठी याच अनुभवावर उभी राहिली. पडद्यावरचे ‘कासव’ म्हणजे एक लहानसा त्रिकोण. त्याला आज्ञा द्यायच्या आणि त्याच्या मागे उमटणारी रेघ पाहायची. प्रश्न एवढाच होता, की आज्ञा कोणत्या भाषेत द्यायच्या?

‘लोगो’चा जन्म १९६७ सालचा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि सीमोर पॅपर्ट हे तिचे प्रमुख जनक. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते. मूल स्वतःच्या शरीराच्या हालचालीतून भूमिती शिकू शकते, हा त्यांचा आग्रह. पहिल्या ‘लोगो’त कासव नव्हतेच, शब्द आणि वाक्ये जुळवण्याचा खेळ होता. नावही ‘शब्द’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले.

ही भाषा घरात पोहोचली १९८०नंतर, आणि तेव्हा तिला खर्चाची मोठी अडचण आली. त्या काळच्या घरगुती संगणकांत ‘बेसिक’ ही भाषा बहुधा आधीच भरलेली असे. ‘लोगो’ वेगळी विकत घ्यावी लागे आणि तिला स्मरणशक्तीही जास्त लागे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या संगणकावर ती चालवायची तर जोडीला जास्तीच्या मेमरीचे उपकरण घ्यावे लागे. एवढे करूनही गुंतागुंतीचे चित्र काढायला गेले, की कासवाची ‘शाई संपल्याचा’ संदेश पडद्यावर येई. पडद्यावर नवे ठिपके उमटवायची यंत्राची मर्यादा संपलेली असे, तिला दिलेले हे गमतीदार नाव. पुढे १९८३च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने घरगुती संगणकांच्या धंद्यातून अंग काढून घेतले. एका कंपनीच्या यंत्रासाठी घेतलेली ‘लोगो’ दुसरीच्या यंत्रावर चालत नसे, त्यामुळे नव्या संगणकासाठी भाषाही पुन्हा विकत घेणे आले.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. १९८५ साली तिथल्या सरकारने ‘सर्वांसाठी संगणक’ ही योजना जाहीर केली. शाळाशाळांत थॉमसन कंपनीचे संगणक गेले आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच ‘लोगो’ही. तिथल्या मुलांनी ‘फॉरवर्ड’ नव्हे, ‘आव्हांस’ लिहिले. ‘रिपीट’च्या जागी ‘रेपेत’. हे भाषांतर फुकटचे नव्हते. फ्रेंच मुलाने लिहिलेला कार्यक्रम इंग्रजी ‘लोगो’वर चालत नसे. संगणकाची भाषा बदलली, की वाचकांचा आणि देवाणघेवाणीचा गावही बदलतो.

मराठीत हे जमले असते का? भारतात १९८४ साली सरकारी ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक आले. तशा यंत्रांच्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांची चौकट मिळे. तिच्यात ‘ए’ किंवा ‘बी’ सुखाने बसतात. ‘ष्ट्र’ बसवून पाहावा! शिवाय ‘लोगो’त मोकळी जागा सोडली की शब्द संपतो. म्हणून ‘पुढे जा’ ही एक आज्ञा होऊ शकत नाही, ‘पुढे’ एवढेच चालते. आणि मराठी क्रियापद शेवटी येते. आपण ‘चार वेळा कर’ म्हणतो, ‘लोगो’ला मात्र क्रिया आधी आणि आकडा नंतर हवा. नुसता शब्दकोश पालटून हे सुटत नाही, वाक्याचा सांगाडाच आडवा येतो.

हा खटाटोप करावा का, याला थोडा पुरावा आहे. ‘लोगो’च्याच परंपरेतली ‘स्क्रॅच’ ही भाषा २००७ साली लोकांसमोर आली. तिच्यातल्या आज्ञा अनेक भाषांत वाचता येतात. सायमिंदु दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७ साली इंग्रजी ही मुख्य भाषा नसलेल्या पाच देशांतल्या वापरकर्त्यांच्या नोंदी तपासल्या. आपल्या देशाच्या भाषेत आज्ञा वाचणारे, त्याच देशांतल्या इंग्रजी वापरणाऱ्यांपेक्षा नव्या संकल्पना लवकर वापरू लागल्याचे त्यांना दिसले. दोन्ही गट मुलांनी आपापले निवडलेले होते, तेव्हा सारे श्रेय भाषेलाच देता येणार नाही. तरी दुर्लक्ष करावे असा हा निष्कर्ष नाही.

‘लोगो’त एक सोय मात्र पहिल्यापासून आहे. मुलाने स्वतः घडवलेला शब्द आणि भाषेतला मूळ शब्द यांच्यात ती भेद करत नाही. आपल्याकडच्या अनेक शाळांत संगणकाच्या तासाला ‘एमएसडब्ल्यू लोगो’ शिकवतात. ती फुकट मिळते. तिच्यात रोमन लिपीत का होईना, ‘पुढे’ नावाचा शब्द घडवायचा आणि त्याच्या पोटात ‘फॉरवर्ड’ ठेवायचा. काम तीन ओळींचे. मग ‘उजवीकडे’, ‘मागे’ असे शब्द वाढवत नेता येतात. ‘वेळा’ नावाचा शब्द करून ‘रिपीट’लाही झाकता येते.

अडते ते चुकीपाशी. मुलाने ‘पुढे’पाठोपाठ आकड्याऐवजी दुसरेच काही लिहिले, तर तक्रार आतल्या ‘फॉरवर्ड’कडून येते, आणि तीही इंग्रजीत.