घनगड ते सुधागड: मुळशीतून कोकणात उतरणारा ३ दिवसांचा ट्रेक नेमका कसा आहे आणि वाटाड्या का लागतो?

मोकळ्या माळावर शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन प्रचंड कातळभिंती आणि मधोमध इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच. ही रील तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेली असेल. हा आहे पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातला तैलबैला.

बहुतेक जण गाडीने येतात, फोटो काढतात आणि परत जातात. पण तैलबैला हा एका जुन्या रस्त्यावरचा फक्त एक टप्पा आहे. या रस्त्यावर सुमारे २ हजार वर्षं जुनी लेणी आहेत, दोन किल्ले आहेत आणि सह्याद्री उतरणारी एक घाटवाटही आहे. हा रस्ता आजही ३ दिवसांत पायी करता येतो.

ट्रेकचा मार्ग कसा आहे?

पहिला दिवस: लोणावळ्याहून भांबर्डेमार्गे एकोले गाव. इथून गारजाई देवीच्या मंदिराजवळून घनगडावर जाता येतं. गड छोटा आहे, पण वर जाताना लोखंडी शिडी चढावी लागते. कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहून खाली उतरायचं आणि तैलबैला गावात मुक्काम करायचा.

दुसरा दिवस: तैलबैलाच्या भिंतींचा पायथा पाहून वाघजाई घाटाने कोकणात उतरायचं. वाटेत जंगलात ठाणाळे लेणी लागतात. ही लेणी नाडसूर लेणी म्हणूनही ओळखली जातात. मुक्काम ठाणाळे गावात.

तिसरा दिवस: नाडसूर-पाच्छापूरमार्गे ठाकूरवाडी आणि तिथून सुधागड. उतरताना महादरवाजातून धोंडसे गावात यायचं आणि पुढे अष्टविनायकांपैकी एक असलेल्या बल्लाळेश्वराच्या पालीला पोहोचायचं.

म्हणजे ट्रेक सुरू होतो पुणे जिल्ह्यात आणि संपतो रायगड जिल्ह्यात.

एवढ्या आडरानात लेणी आणि किल्ले का?

कारण एकेकाळी हे आडरान नव्हतं.

चौल, कल्याण आणि सोपारा ही कोकणातली प्राचीन बंदरं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात या बंदरांचा उल्लेख आहे. बंदरात उतरलेला माल देशावर न्यायचा तर सह्याद्री चढावाच लागायचा. त्यासाठी डोंगरातल्या नैसर्गिक खिंडी आणि नाळा वापरल्या गेल्या. त्याच झाल्या घाटवाटा.

या वाटांच्या आसपास बौद्ध भिक्खूंसाठी लेणी खोदली गेली. पावसाळ्याचे महिने भिक्खू एका जागी राहून काढत, त्याला वर्षावास म्हणतात. ठाणाळ्याला २३ लेण्यांचा समूह आहे. त्यात प्रार्थनेसाठी चैत्यगृह आणि राहण्यासाठी विहार आहेत. त्यांचा काळ साधारण इ. स. पूर्व दुसरं ते पहिलं शतक मानला जातो. हेन्री कझन्स यांनी या लेण्यांवर लिहिलेला सविस्तर अहवाल १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे याच वाटांवर नजर ठेवण्यासाठी किल्ले महत्त्वाचे ठरले. सुधागडाचं जुनं नाव भोरपगड. १६४८ मध्ये तो स्वराज्यात आला आणि शिवाजी महाराजांनी त्याचं नाव सुधागड ठेवलं. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये संभाजी महाराजांना भेटला, ते याच गडाच्या पायथ्याच्या पाच्छापूर परिसरात. गडावरचं भोराई देवीचं मंदिर, पंत सचिवांचा वाडा आणि रायगडाच्या महादरवाजाची आठवण करून देणारा महादरवाजा आजही पाहता येतो.

मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी कोरीगड आणि पाठोपाठ घनगड घेतला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि माल रुळांवरून जाऊ लागला. घाटवाटा हळूहळू गावकरी, गुराखी आणि ट्रेकर्सपुरत्या उरल्या.

मग वाटाड्या का लागतो? मॅप्स पुरेसे नाहीत का?

नाहीत. त्याची कारणं साधी आहेत.

पहिलं, ढोरवाटा. गुरांच्या पायवाटा मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या दिसतात. पठारावर चुकलं तर वेळ जातो. घाटाच्या तोंडाशी चुकलं तर समोर कडा असतो.

दुसरं, पाणी. टाक्यात पाणी दिसलं म्हणजे ते पिण्याजोगं असतंच असं नाही. कोणत्या महिन्यात कुठलं टाकं आटतं, हे गावातल्या माणसालाच माहीत असतं.

तिसरं, आग्यामोहळं. सह्याद्रीतल्या कड्यांवर आणि लेण्यांच्या छतांना आग्या माश्यांची पोळी असतात. धूर, परफ्यूम आणि आरडाओरडा यामुळे त्या उठतात.

चौथं, नेटवर्क. घाटात फोन लागेलच याची खात्री नसते.

ट्रेक बुक करताना काय विचाराल?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार ट्रेक आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. त्यामुळे पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा:

• तुमची नोंदणी आहे का?
• किती लोकांमागे एक लीडर आहे? त्याने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का?
• सोबत स्थानिक वाटाड्या आहे का?
• कुणाला दुखापत झाली तर जवळचा गाडीरस्ता कुठे आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळालं नाही, तर आयोजकाने वाट नीट पाहिलेली नाही असं समजा.

तैलबैलाच्या भिंतीवर चढणं हा या ट्रेकचा भाग नाही. ते प्रस्तरारोहण आहे. त्याला दोर, हार्नेस आणि प्रशिक्षित माणसं लागतात.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात नाळेत अचानक पाणी वाढतं आणि कातळ निसरडा होतो. मार्चनंतर ऊन आणि वणवे यांचा धोका असतो. २०१८ च्या मार्चमध्ये तामिळनाडूतल्या कुरंगणी इथे वणव्यात सापडून २० हून जास्त ट्रेकर्सचा मृत्यू झाला होता.

आपल्यावर काय जबाबदारी आहे?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. शेजारच्या मावळातला लोहगड त्यात आहे. घनगड आणि सुधागड नाहीत. त्यामुळे इथे कुणी नाव कोरलं, कचरा टाकला किंवा लेण्यात चूल पेटवली, तर रोखायला बहुतेक वेळा कुणी नसतं. केंद्र संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

जेवण आणि मुक्काम गावातच करा, वाटाड्याचे पैसे आधी ठरवा आणि पूर्ण द्या. ही वाट नकाशापेक्षा गावातल्या माणसांच्या लक्षात जास्त आहे. तिच्यावरून चालून त्यांना चार पैसे मिळत राहिले, तर पुढच्या पिढीतलाही कुणी ती दाखवायला शिकेल.

निघण्याआधी घरी मार्ग आणि परतीची वेळ लिहून द्या. अडचणीत ११२ हा क्रमांक लक्षात ठेवा.