व्ह्यूफाइंडर धूसर दिसतोय? कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी हे तपासा

पासपोर्ट फोटो, बारशाच्या ऑर्डरी, प्रॉडक्टचे फोटो अशा कामासाठी बरेच जण सेकंडहँड डीएसएलआर घेऊन सुरुवात करतात. भांडवल कमी असताना ते बरोबरच आहे. पण कॅमेरा डोळ्याला लावला की सगळं पुसट दिसतं! मग सौदा तरी मोडतो, नाहीतर चांगला कॅमेरा उगाच दुरुस्तीला जातो.

समोरचं दृश्य थोडा वेळ विसरा. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली शटर स्पीड आणि ॲपर्चरचे आकडे असतात, ते स्पष्ट दिसतात का? आकडेच धूसर असतील तर लेन्सचा दोष नाही. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीक चकती असते, तिला डायऑप्टर म्हणतात. आधीच्या मालकाने ती त्याच्या डोळ्याच्या नंबरप्रमाणे फिरवलेली असते. कधी कधी बॅगेत घासूनही फिरते. पांढऱ्या भिंतीकडे बघत आकडे ठळक होईपर्यंत ती फिरवा. चष्मा लावून काम करणार असाल तर चष्मा लावूनच फिरवा. चकतीची मर्यादा थोडी असते, मोठा नंबर ती भरून काढत नाही. फोटोवर याचा काहीच परिणाम होत नाही, फरक पडतो तो फक्त तुमच्या डोळ्याला. दुकानात दोघे जण एकच कॅमेरा वापरत असतील तर चकतीवरून रोज वाद होणार, हे धरून चाला.

आकडे स्पष्ट आहेत, पण दृश्य पुसट? मग लेन्सकडे वळा. बटण एमएफवर राहिलंय का बघा. दागिन्यांचे फोटो काढणारे फार जवळ जातात. 18-55 ची किट लेन्स साधारण 25 सेंटीमीटरच्या आत फोकसच करत नाही. लेन्स उजेडात धरून आत जाळीसारखी बुरशी आहे का तेही बघा, कोकणातल्या दमट हवेत तर नक्कीच.

काळे ठिपके व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतात पण फोटोत येत नाहीत, तर ती फोकसिंग स्क्रीनवरची किंवा आरशावरची धूळ. तिथे फक्त हातातला ब्लोअर मारा. कापड लावू नका, ओरखडा कायमचा राहतो.

आता खरी परीक्षा. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र मोठं करून हाताने फोकस करा. लेन्सला हात न लावता लाइव्ह व्ह्यू बंद करा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघा. डायऑप्टर नीट लावलेला असूनही अक्षरं पुसट दिसली तर आरसा किंवा फोकसिंग स्क्रीन जागेवरून हललेली असू शकते. कारण लेन्सपासून सेन्सरपर्यंतचं आणि आरशावरून स्क्रीनपर्यंतचं अंतर सारखंच असावं लागतं. हे काम मेकॅनिकचं. पैसे देण्याआधी त्याच्याकडून खर्चाचा आकडा घ्या आणि तेवढी किंमत कमी करायला सांगा. मालक ऐकत नसेल तर दुसरा कॅमेरा बघा.