किनारीला कोणता गोंद?
गिटारच्या कडेने फिरणारी पट्टी कशाची, त्यावर गोंद ठरतो. लाकडी पट्टीला सुतारी गोंद पुरतो. सांडला तर ओल्या फडक्याने पुसता येतो. सेल्युलॉइडला तो धरत नाही. तिथे अ‍ॅसिटोनचा गोंद हवा, जो पट्टीचा पृष्ठभागच मऊ करून लाकडाच्या रंध्रांत रुतवतो. पट्टीचे उरलेले तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर भिजवले की काकवीसारखं लुकण तयार होतं. फट बुजवायला याहून बरं काही नाही. रंगही तोच मिळतो. फक्त आसपास काडी ओढू नका, सेल्युलॉइड भडकतं. सुपरग्लू झटपट खरा, पण स्प्रूसच्या लाकडात झिरपून डाग पाडतो. म्हणून पट्टी बसते त्या खाचेला आधी चपड्याच्या पॉलिशचा हात द्यावा. जुन्या गिटारींची किनार बहुधा कमरेच्या वळणाशीच सुटलेली दिसते. त्यात गोंदाचा दोष कमी, सेल्युलॉइड वर्षानुवर्षं आकसत राहतं.