मित्राला डीजे शिकवताय? आधी स्वतःचे हात मागे घ्या

वऱ्हाडात डीजे वाजवायला शिकायचं म्हणून कोणी शाळा शोधत फिरत नाही. पोरं शिकतात ती मित्राकडून, नाही तर ओळखीच्या साउंडवाल्याच्या हाताखाली वायरी गुंडाळत. शिवजयंती, भीमजयंती, गणपती, दुर्गादेवी, अकोल्याची श्रावणातली कावड आणि त्यात लग्नसराई. अमरावती-अकोला पट्ट्यात वाजवायला निमित्त कमी नाही. एकाला थोडं जमू लागलं की दोघं-तिघं मागे लागतात, "भाऊ, मलेही शिकव ना."

भाऊ हौसेने शिकवायला बसतो आणि दोन-तीन बैठकांत दोघंही वैतागतात. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्या अंगात तालच नाही. शिकवणाऱ्याला वाटतं, याच्या डोक्यात काही शिरत नाही. बहुतेक वेळा दोन्ही खोटं असतं. घोडं अडतं ते शिकवण्याबद्दलच्या काही पक्क्या समजुतींपाशी.

गैरसमज १ : शिकायला मोठा सेटअप लागतो

वस्तुस्थिती : मिरवणुकीतले बेसचे बॉक्स, टॉप, जनरेटर हे सगळं लोकांना ऐकवण्यासाठी असतं. शिकायला लागतात दोन डेक, मध्ये मिक्सर आणि कानाला हेडफोन. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तेव्हाही मांडणीचा गाभा दोन डेक हाच होता. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून नाचाला उठाव देणारा ढोलाचा तुकडा लांबवत नेणं, ही त्याची गाजलेली युक्ती. आज तेच काम लॅपटॉप आणि दोन डेकचा साधा कंट्रोलर करतो. मिक्स (Mixxx) नावाचं डीजे सॉफ्टवेअर तर पूर्ण मोफत आहे. कंट्रोलर घेताना एकच गोष्ट बघा: हेडफोनमध्ये पुढचं गाणं वेगळं ऐकता आलं पाहिजे. ती सोय नसेल तर शिकणारा आंधळी कोशिंबीर खेळतो.

गैरसमज २ : सिंकचं बटण आहे, मग कान कशाला तयार करायचा?

वस्तुस्थिती : सिंक वाईट नाही. पण ते कुठे फसतं हे ज्याला ऐकू येत नाही, त्याने त्यावर विसंबू नये. सॉफ्टवेअर गाण्यातले ठोके मोजून मिनिटाला किती, म्हणजे बीपीएम, ते ठरवतं. संगणकावर बांधलेल्या रिमिक्समध्ये हा हिशोब बरोबर येतो. पण आपल्याकडे वाजतं काय? ढोलकी, हार्मोनियम आणि गायक एकत्र बसून ध्वनिमुद्रित केलेली लोकगीतं, भीमगीतं, जुनी सिनेगीतं. त्यांत कडव्याला लय जराशी चढते, मुखड्याला बसते. सॉफ्टवेअरने आखलेल्या रेघा आणि खरा ठोका यांची फारकत होते. कधी ते 75 ची लय 150 धरतं. कधी सहा मात्रांच्या दादऱ्याचं गाणं चार ठोक्यांच्या रिमिक्सवर चढवलं जातं. स्क्रीनवर सगळं जुळलेलं दिसतं आणि मंडपातले पाय मात्र अडखळतात.

शिवाय ठोक्याला ठोका जुळला म्हणजे गाणं जुळलं असं नाही. पहिला ठोका पहिल्यावरच पडला पाहिजे. नाचाच्या गाण्यांची बांधणी बहुधा 32 ठोक्यांच्या टप्प्यांनी होते. 128 बीपीएमला असा टप्पा बरोबर 15 सेकंदांचा असतो. नवं गाणं टप्प्याच्या तोंडाशी आणलं की ते आपोआप आल्यासारखं वाटतं. मधेच आणलं तर एकाचं बोलणं तोडून दुसरा बोलू लागतो.

म्हणून पहिल्या बैठकीत मशीनला हात न लावता मोजायला लावा. एक-दोन-तीन-चार, असं आठ वेळा, मोठ्याने. आपल्या भागाचं इथे मोठं भांडवल आहे. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाला बसलेल्या पोराला सम कुठे येते हे कोणी समजावून सांगितलेलं नसतं. त्याचा हात तिथे आपोआप पडतो. असा मित्र शिकायला आला तर त्याला नव्याने ताल शिकवू नका. त्याच्याकडे आहे तोच ताल गाण्यात कुठे लपलाय, तेवढं दाखवा.

गैरसमज ३ : मला येतं, म्हणजे मला शिकवता येतं

वस्तुस्थिती : यावर एक सुंदर प्रयोग झालेला आहे. 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी फक्त 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, वाद्यं सगळं वाजत होतं. ऐकणाऱ्यापर्यंत पोचत होती नुसती टकटक.

"अरे, सुटलं ना! ऐकू येत नाही का?" असं आपण मित्राला म्हणतो तेव्हा नेमकं हेच घडतं. त्याला खरोखर ऐकू येत नसतं, कारण तो गायकाकडे कान देऊन बसलेला असतो. म्हणून काय ऐकायचं ते सांगा: "गाणारा सोड, फक्त बेस ड्रम धर." मग दोन्ही डेकवर एकच गाणं लावा, दोन्हींचा पिच शून्यावर. जुळलं की एकच ठोका येतो. सरकलं की ठोका दुहेरी होतो, घोडा दुडक्या चालीने निघाल्यासारखा. हा दुडका आवाज त्याला मुद्दाम बिघडवून ऐकवा. चुकलेलं कसं वाजतं हे ओळखीचं झालं की बरोबर काय ते निराळं शिकवावं लागत नाही.

त्यानंतर एका डेकचा पिच दोन टक्क्यांनी चढवा. 120 बीपीएमच्या गाण्यात एवढ्याने मिनिटाला 2.4 ठोक्यांचा फरक पडतो, म्हणजे 25 सेकंदांत एक डेक दुसऱ्याच्या अख्खा ठोकाभर पुढे जातो. सर्वात वाईट आवाज निम्म्या वाटेवर, साडेबारा सेकंदांच्या आसपास येतो. शिकणाऱ्याला ते सरकणं घडताना ऐकू येतं आणि जॉग व्हील नेमकं कशासाठी आहे हे हाताला कळतं.

गैरसमज ४ : चुकला की लगेच हात घालून दुरुस्त करावं

वस्तुस्थिती : मैत्रीतलं शिकवणं सगळ्यात जास्त इथे बिघडतं. ठोका सुटतो, आपला हात आपसूक पुढे जातो आणि गाणं जागेवर येतं. मित्र काय शिकतो? चुकलं की भाऊ बघतो. पुढच्या वेळी ठोका सुटला की तो डेककडे नव्हे, तुमच्या तोंडाकडे पाहतो.

हात मागे बांधा आणि प्रश्न विचारा. संवाद साधारण असा होतो:

"मले नाई समजून रायलं. तूच लाव ना बे."

"समजते. आयक. नवं गाणं पुढं चाललं का मांगं रायलं?"

"...पुढं?"

"लाव अंदाज. व्हील जरासं मांगं घे."

"अबे, अजून बिघडलं!"

"मंग काय कळलं?"

"मांगंच होतं ते."

ही चूक फुकट गेलेली नाही. दिशा चुकली की आवाज लगेच बिघडतो, आणि कान तयार होतो तो या बिघाडानेच. उत्तर तुम्ही दिलं असतं तर ठोका जागेवर आला असता, कान होता तिथेच राहिला असता. एका वेळी एकच चूक धरा. लय जुळवायचा सराव चालू असेल तर गेन वाढलाय, बेस दोन्हींकडे उघडा आहे, गाण्याची निवड जमली नाही, हे सगळं दिसलं तरी पोटात ठेवा. आणि तिघं-चौघं शिकायला जमले असतील तर डेकवर एक, मोजायला एक, बाकीच्यांनी चेष्टा कमी करायची.

गैरसमज ५ : एक रविवार दिवसभर बसलो की जमून जाईल

वस्तुस्थिती : 1978 मध्ये बॅडली आणि लॉंगमन या संशोधकांनी ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना एक तुलना केली. काहींना दिवसाला एकच तास, काहींना दोन-दोन तासांची दोन सत्रं. रोज एक तासवाल्यांनी तेच कौशल्य एकूण कमी तासांत मिळवलं. गंमत अशी की आपल्या वेळापत्रकावर सगळ्यात नाराज तेच होते, कारण दिवसांच्या हिशोबात आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं.

डीजेचं कामही कान आणि बोटांचं आहे. रविवारच्या मॅरेथॉन बैठकीत संध्याकाळी सगळं जमल्यासारखं वाटतं आणि पुढच्या रविवारी पुन्हा पाढे पंचावन्न. रोज अर्धा तास बरा. प्रत्येक बैठक रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातीला त्यालाच ऐकू द्या. वाजवताना न ऐकू आलेली चूक शांतपणे बसल्यावर ऐकू येते, आणि ती तुम्ही दाखवावी लागत नाही.

गैरसमज ६ : दणदणाट असल्याशिवाय मजा नाही, म्हणून शिकणंही नाही

वस्तुस्थिती : मोठ्या आवाजात कान थकतो आणि बारीक फरक ऐकू येईनासे होतात; शिकताना नेमके तेच हवे असतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आवाज दिवसाला 8 तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला 4 तास, 94 ला 1 तास आणि 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. सरावानंतर कान वाजत असतील तर आवाज जास्त झाला, एवढं सरळ समजा.

मिक्सरवरचा लाल दिवा हीसुद्धा शाबासकी नव्हे. तो लागला की आवाजाची लहर वर-खाली कापली जाते, आवाज फाटतो आणि स्पीकरवर ताण येतो. दोन्ही गाण्यांचा गेन आधी सारखा करून मग फेडर उचलायचा, ही सवय पहिल्या आठवड्यातच लागली पाहिजे. कायद्याची ओळखही तेव्हाच करून द्या. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 आणि रात्रीची 45 डेसिबल आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्र धरली जाते. उद्या पोलीस आले तर कंट्रोलरमागे तो उभा असणार आहे.

गैरसमज ७ : गाण्यांचा पेनड्राइव्ह दिला की अर्धं काम झालं

वस्तुस्थिती : हजारो गाण्यांचा पेनड्राइव्ह घेतलेला मित्र वाजवताना फक्त शोधत बसतो. त्याला वीस गाणी निवडू द्या, त्याच्या आवडीची. प्रत्येकात ड्रम कुठे सुरू होतो, गाणारा कुठे तोंड उघडतो, शेवटी मोकळी जागा किती, हे त्याने स्वतः लिहून काढावं. ती पाठ झाल्यावरच एकविसावं.

मग पहिला कार्यक्रम. थेट मिरवणूक नको, एखाद्या घरची हळद पुरे. तिथे गाणं सुटलं तरी मावश्या नाचायच्या थांबत नाहीत. तुम्ही जरूर जा, पण कंट्रोलरपासून हात पोचणार नाही इतक्या लांब उभे राहा. ठोका सुटलेला तुम्हाला ऐकू येईल आणि तुमच्याकडे न बघता त्याचा हात व्हीलवर गेला, तर तुमचं शिकवणं झालं. बघितलं, तर उद्यापासून पुन्हा अर्धा तास.