लेझरचा ठिपका आणि अपुरी राहणारी शिकार

किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवता येणारा बोटभर लांबीचा लेझर पॉइंटर व्याख्यानातला तक्ता दाखवण्यापुरता न उरता मांजराचे खेळणे म्हणून घराघरांत रुळला, आणि पुढे कुत्र्यांच्याही वाट्याला आला. सोफ्यावरून न उठता कुत्र्याला दमवता येते, ही त्यातली सोय उघड आहे. परंतु कुत्र्याच्या बाजूने या खेळात काय घडते हे बारकाईने पाहिले, तर दमणूक ही त्यातली सर्वांत गौण बाब ठरते.

कुत्र्याच्या शिकारी वर्तनाचा क्रम साखळीसारखा असतो : चाहूल घेणे, नजर रोखणे, दबकत सरकणे, पाठलाग करणे, जबड्यात धरणे, ठार करणे, फाडणे आणि खाणे. कामकरी कुत्र्यांचे अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी असे मांडले की, माणसाने निवडक पैदाशीतून या साखळीतील काही कड्या ठळक केल्या आणि काही दाबून टाकल्या. मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कॉलीमध्ये रोखलेली नजर आणि पाठलाग तीव्र असतो, तर चावण्याची कडी क्षीण असते. पाठलागाच्या वेळी मेंदूत कार्यरत होणारे डोपामीन हे रसायन वस्तू मिळाल्याच्या समाधानापेक्षा ती मिळवण्याच्या ओढीशी अधिक निगडित आहे, त्यामुळे काहीही हाती न लागता धावण्याची ओढ मात्र वाढत जाऊ शकते.

ठिपका फरशीवर सरकू लागला की कुत्र्याचे कान पुढे येतात, मान खाली जाते, एक पंजा अर्धवट उचललेला राहतो आणि पाठोपाठ झेप पडते. पंजा नेमका ठिपक्यावर पडतो, पण प्रकाश वरून येत असल्यामुळे ठिपका त्याखाली दबत नाही, तर पंजाच्या पाठीवर चढून बसतो. कुत्रा तिथे तोंड घालतो तेव्हा दातांत स्वतःचेच केस येतात, आणि नाक टेकवले तर फरशीचाच वास येतो. चेंडू निदान जबड्यात दबतो, थुंकीने ओला होतो, मालकाला आणून देता येतो. बटणावरचे बोट सुटल्यावर कुत्रा ती जागा हुंगतो, सोफ्याखाली डोकावतो, पडद्यामागे नाक खुपसतो. माणसाच्या लेखी खेळ संपलेला असतो. कुत्र्याच्या लेखी भक्ष्य केवळ निसटलेले असते, आणि निसटलेले भक्ष्य परत येऊ शकते.

बहुतेक कुत्री थोड्या वेळाने हा शोध सोडून देतात, हेही नोंदवले पाहिजे. काहींच्या बाबतीत मात्र तो लेझरपुरता मर्यादित राहत नाही : मनगटी घड्याळाच्या काचेचा कवडसा, स्टीलच्या ताटावरून छतावर उमटणारी तिरीप, रस्त्यावरच्या गाडीचे भिंतीवरून सरकणारे दिवे, अगदी स्वतःची सावलीसुद्धा पाठलागाचा विषय होते. कुत्रा खाणे आणि झोप सोडून भिंतीकडे टक लावू लागला आणि हाक मारूनही भानावर येईना, तर पशुवैद्यक अनिवार्य वर्तन विकाराची शंका घेतात. म्हणजे मूळ प्रयोजन हरवलेली कृती वारंवार होत राहणे आणि ती थांबवणे प्राण्याला न जमणे. अशा विकारांत आनुवंशिकतेचा वाटा असतो. 2010 मध्ये डोबरमन जातीतील कूस चोखण्याच्या विकाराचा संबंध सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकाशी असल्याचे आढळले, आणि प्रकाश व सावल्यांमागे धावण्याची सवय बॉर्डर कॉलीत विशेष दिसते. 2021 मध्ये मांजरपालकांच्या एका सर्वेक्षणात लेझरचा वारंवार वापर आणि अशी पुनरावर्ती वर्तने यांचा संबंध दिसला; संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि मांजर म्हणजे कुत्रा नव्हे, तरीही पाठलागाची उपजत ओढ तीव्र असलेल्या जातीवर हा प्रयोग करून पाहण्याचे काहीच कारण नाही.

डोळ्यांचा धोका त्यामानाने सरळ आहे. फरशीवर विखुरलेला ठिपका सहसा इजा करत नाही. आरशावरून परतलेला किंवा थेट डोळ्यात गेलेला किरण करू शकतो. स्वस्त पॉइंटरची शक्ती लेबलवरील आकड्यापेक्षा जास्त असू शकते, आणि अनेक हिरव्या पॉइंटरांत अवरक्त म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांपासून हिरवा प्रकाश तयार केला जात असल्याने, गाळणी नसल्यास ते अदृश्य किरणही बाहेर पडतात. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर अचानक वळताना गुडघ्याचा अस्थिबंध दुखावणे, हा आणखी एक दुर्लक्षित धोका आहे.

शेवटी ठिपका खाऊवर नेऊन थांबवावा, असा तोडगा अनेकदा सुचवला जातो. तो अर्धाच उपाय होय. खाऊ मिळतो, पण ठिपका हाती लागत नाही तो नाहीच. काठीला दोरीने बांधलेले फडके किंवा खोलीत लपवलेले खाऊचे तुकडे हुंगून शोधणे हे खेळ बरे, कारण त्यांत साखळी जबड्यापर्यंत पोहोचते. सवय जडलेलीच असेल, तर रागावण्याचा उपयोग नसतो, कारण दरडावण्याने वाढलेला ताण त्याच वर्तनाला खतपाणी घालतो. पडदे ओढून कवडसे कमी करावे लागतात, आणि झटक्यांचे आजार व डोळ्यांचे विकार तपासणीत वगळावे लागतात. विकार गंभीर असल्यास पशुवैद्यक फ्लुऑक्सेटीन किंवा क्लोमिप्रामीन देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि तोवर प्रशिक्षण सोबत चालू ठेवावे लागते.